चांदोरच्या चोवीस खिडक्या

‘व्हिला’ या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. वाडा म्हटला की चौक, देवडी आणि रस्त्याकडे पाठ केलेली जाड भिंत डोळ्यांसमोर येते. गढी म्हटली की तट आणि बुरूज. कोठीला सरकारी किंवा व्यापारी वास आहे, आणि बंगला तर आपल्याकडे साहेबाच्या मागोमाग गावाबाहेर जाऊन बसला. व्हिला यांपैकी कोणीच नव्हे. मूळ लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ शेतमळ्यावरचे घर असा होता. मालकाची निजायची खोली, धान्याचे कोठार आणि द्राक्षे चिरडण्याची जागा एकाच आवारात असत. घर जमिनीच्या आधाराने जगत असे आणि ते लपवण्याची त्याला गरज वाटत नसे.

एकोणिसाव्या शतकातील फ्रान्सने शब्द तोच ठेवला, पण अर्थ पालटून टाकला. सम्राट तिसऱ्या नेपोलियनने १८५४-५५ मध्ये बिआरित्झच्या समुद्रकाठी सम्राज्ञी युजेनीसाठी व्हिला बांधला आणि श्रीमंतांना वाट मिळाली. पॅरिसजवळ व्हेझिने येथे १८५८ पासून उद्यानात विखुरलेल्या घरांची वसाहत आखली गेली. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोव्हिल उभे राहिले. बोर्दोच्या पलीकडे आर्काशों येथे पेरेर बंधूंनी १८६२ पासून पाइनच्या वनात ‘हिवाळी नगर’ वसवले. हे बंधू सावकारी पेढीचे आणि रेल्वेचे मालक होते. गाडीला उतारू हवेत म्हणून त्यांनी गाडीच्या टोकाला एक सुंदर गाव वसवले, असे म्हटले तरी चालेल. सेझार दाली या वास्तुविशारदाने १८६४ पासून अशा घरांचे नकाशे मोठ्या ग्रंथमालेत छापले. टोकदार छपरे, लाकडाच्या जाळीदार झालरी, एक खांदा उंच आणि एक खाली, कुठे स्विस डोंगरी घराची नक्कल तर कुठे मूरिश कमान, असे हे फ्रेंच व्हिले. त्यांच्याभोवती बाग असते, शेत नसते. शहरात मिळवलेल्या पैशाने विकत घेतलेली ती गावची हवा होती.

हे सारे सांगण्याचे कारण, त्याच शतकात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर नेमका उलटा व्यवहार घडत होता. गोव्यातील सासष्टी तालुक्यात, मडगावच्या पूर्वेला चांदोर नावाचे गाव आहे. तेथील मिनेझिस ब्रागांझा आणि ब्रागांझा परेरा या घराण्यांचे घर गावच्या पैशाने शहराची हवा विकत घेते. गोव्यातील जुन्या घरांविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. हेल्डर कारिता या पोर्तुगीज अभ्यासकाचा ग्रंथ आहे, आणि जेरार्ड दा कुन्हा या वास्तुविशारदाने तोर्डा येथे गोव्यातील घरांचे संग्रहालयच उभारले आहे. तरीही पर्यटकांसाठी लिहिणारे लेखक चांदोरला पोहोचले की झुंबरांची संख्या मोजू लागतात. घराची समीक्षा व्हायची राहूनच जाते.

प्रथम स्थळाविषयी. चांदोर म्हणजे प्राचीन चंद्रपूर, कदंब राजांची एके काळची राजधानी. गावातील कोट या भागात १९२९ साली येशूसंघीय इतिहाससंशोधक फादर हेनरी हेरास यांनी उत्खनन करून जुन्या देवालयाचे अवशेष उजेडात आणले. तेथे शिर नसलेला नंदी आजही पाहायला मिळतो. म्हणजे हे गाव एकदा राजधानी होऊन पुन्हा खेडे झाले होते. बेथलेहेमच्या पवित्र मातेचे चर्च येथे सतराव्या शतकात उभे राहिले, आणि त्या चर्चसमोरच्या प्रशस्त मोकळ्या जागेच्या कडेला आपले घर पसरले आहे. घराचा मूळ भाग सतराव्या शतकातील मानला जातो, परंतु आज दिसणारा त्याचा थाट मुख्यतः अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील आहे.

तो थाट एका वाक्यात सांगता येतो: वरच्या मजल्यावर एका ओळीत चोवीस खिडक्या. गोव्यात एवढा लांब दर्शनी भाग असलेले दुसरे खासगी घर नाही, असे म्हणतात. फ्रेंच व्हिल्याची खोड येथे मुळीच नाही. छपराला शेंड्या नाहीत, भिंती आत-बाहेर वळत नाहीत. मान सरळ ठेवून, दोन्ही हात पसरून उभे असावे तसे हे घर आहे. त्याचे नाते पोर्तुगालमधील जमीनदारांच्या ‘सोलार’ नावाच्या घरांशी आहे, आर्काशोंशी नव्हे. तळमजला सेवेचा आणि साठवणीचा. कुटुंबाचे मानाचे जगणे जिना चढून वर गेल्यावर सुरू होते. जांभ्याच्या चिऱ्यांची रुंद भिंत आणि तिच्यावर चुन्याचा गिलावा. कोकणातील कोणताही गवंडी हे काम ओळखील.

या खिडक्यांच्या रांगेविषयी माझे मत संमिश्र आहे. लय म्हणून ती उत्तम आहे. एवढी लांबी आणि एवढी पुनरावृत्ती असूनही कंटाळा येत नाही, कारण उंची आटोक्यात आहे आणि छपराची उतरती कड सर्वांना एका रेषेत बांधून ठेवते. चर्चपेक्षा उंच होण्याचा मोह बांधणाऱ्याने टाळला, हेही नोंदवले पाहिजे. परंतु खिडकीचे पहिले काम आतल्या माणसाला उजेड आणि वारा देणे हे आहे. येथे खिडकी आधी बाहेरच्या माणसासाठी आहे. त्याने ती मोजावी अशी तिची अपेक्षा आहे. गोव्यातील मध्यम घरांना ‘बाल्कांव’ असतो. दारापुढे दोन्ही बाजूंना दगडी बाके, वर छोटे छप्पर, येणाऱ्या-जाणाऱ्याने बसावे, पाणी मागावे, गावची बातमी सांगावी. आपल्याकडच्या ओट्याचाच तो ख्रिस्ती भाऊ. बाल्कांवावर घरचा आणि रस्त्याचा माणूस एका उंचीवर बसतात. चोवीस खिडक्यांच्या घराची ओळख मात्र बाल्कांव ही नव्हे. तेथून खाली पाहायचे असते.

याच गावात ‘फर्नांडिस घर’ नावाचे आणखी जुने घर आहे. त्याच्या पोटात लपण्याची जागा, भुयारी वाट आणि शत्रूवर नेम धरण्यासाठी ठेवलेली छिद्रे आहेत. एकाच गावातील ही दोन घरे शेजारी ठेवून पाहावीत. एक जगाला घाबरते, दुसरे जगाला दिसू इच्छिते. भय कमी झाल्यावर घराला खिडक्या फुटतात हे खरे, पण त्या किती फुटाव्यात हे भय ठरवत नाही, उत्पन्न ठरवते.

जिना चढून वर गेले की आपण खरोखर युरोपात शिरतो. नृत्यदालनात इटालियन संगमरवराची फरशी, बेल्जियमच्या काचेची झुंबरे, फुलांनी रंगवलेल्या जस्ताच्या पत्र्याचे छत. पोर्तुगालचा राजा दों लुईस याने घराण्याला भेट दिलेल्या उंच पाठीच्या खुर्च्या येथे आहेत. या राजाची कारकीर्द १८६१ ते १८८९ अशी होती, म्हणजे घराचा हा बहर ऐन एकोणिसाव्या शतकातला. त्या काळी लिस्बन स्वतःच पॅरिसकडे पाहून कपडे शिवत होते आणि नाच शिकत होते. सासष्टीच्या भाटकाराच्या दिवाणखान्यात फ्रान्स आले ते असे, लिस्बनमार्गे. १८८० च्या दशकात मुरगाव बंदरातून घाटाकडे जाणारी रेल्वे झाली आणि चांदोरला स्थानकही मिळाले. पेरेर बंधूंनी आर्काशोंत केले तसे येथे कोणी केले नाही. गाडी आली तेव्हा घर आधीच उभे होते. (जाता जाता एक गंमत. त्या पेरेर बंधूंचे आजोबा पोर्तुगीज ज्यू वंशाचे, आणि त्यांचे मूळ आडनाव परेराच. चांदोरच्या अर्ध्या घराचे आडनावही परेरा. नाते काही नाही, नावांचा खेळ आहे.)

नृत्यदालन हा या घराचा सर्वांत प्रसिद्ध भाग आणि, माझ्या मते, वास्तुकला म्हणून सर्वांत दुबळा. त्यातील बहुतेक वस्तू विकत आणलेल्या आहेत. पैसा आणि जहाज असले की असे दालन मकावमध्येही सजवता आले असते. हाच निकष लावून मी घरातील शिसवी लाकूडकामाकडे मात्र वेगळ्या नजरेने पाहतो. युरोपीय आकाराच्या खुर्च्या, कोच, पलंग गोव्याच्या सुतारांनी घडवले. नमुना परका, हात आपला. नमुन्यात नसलेली वेल, पान, पक्षी त्या हाताने हळूच आणून बसवले. वेताने विणलेली बैठक ही तर सरळ हवामानाला दिलेली दाद आहे, कारण पावसाळ्यात गादीला बुरशी येते आणि वेताला वारा लागतो. काच येण्यापूर्वी गोव्यातील खिडक्यांना लाकडी चौकटीत शिंपल्यांची घासलेली तावदाने बसवीत. त्यांतून ऊन येत नाही, दुधासारखा उजेड येतो. डोळ्यांना त्याहून सुखद तावदान युरोपने अद्याप केलेले नाही. जेथे हे घर आपल्या मातीतील गवंड्यावर आणि सुताराच्या हातावर विसंबते तेथे ते श्रेष्ठ आहे. जेथे ते यादी करून मागवते तेथे ते केवळ श्रीमंत आहे.

आता प्रार्थनालय. घराच्या पूर्वेकडील ब्रागांझा परेरा भागात खासगी वेदी आहे आणि तेथे संत फ्रान्सिस झेवियर यांचे नख रत्नजडित आवरणात जपले आहे. फ्रान्समधील नव्या व्हिल्यांनी घरातील वेदी बहुधा वगळली. त्यांच्या नकाशात बिलियर्डची खोली होती. चांदोरने नृत्यदालनही ठेवले आणि वेदीही ठेवली. धर्मगुरू म्हणून येथे माझे मन दोन बाजूंनी ओढले जाते. समोर, हाकेच्या अंतरावर, सर्व गावाचे चर्च उभे असताना घरात वेगळी वेदी कशासाठी? घरंदाजांनी गावकऱ्यांच्या रांगेत गुडघे टेकू नयेत म्हणून? अशी शंका ख्रिस्तसभेलाही पूर्वीपासून आहे. १९८३ च्या धर्मविधानाप्रमाणेही खासगी प्रार्थनालयात मिस्सा अर्पण करायची तर स्थानिक धर्माध्यक्षांची अनुज्ञा लागते. परंतु दुसरी बाजूही आहे. गोव्यात घरच्या वेदीपुढे ‘लदीन’ गाण्याची प्रथा आहे. लदीन म्हटली की दार उघडे, शेजारीपाजारी आत, आणि शेवटी उकडलेले चणे सर्वांच्या हाती. घरातील एखादी जागा सर्वांसाठी उघडी राहण्याची शक्यता वेदीमुळे निर्माण होते, नृत्यदालनामुळे नव्हे. ती शक्यता कोणत्या पिढीने किती वापरली, हे भिंती सांगत नाहीत.

पश्चिमेकडील मिनेझिस ब्रागांझा भागात सुमारे पाच हजार पुस्तकांचा संग्रह आहे. पोर्तुगीज, फ्रेंच आणि इंग्रजी भाषांतील हा संग्रह लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी जमवला. १८७८ मध्ये याच गावात जन्मलेले हे पत्रकार ‘ओ हेराल्डो’ या १९०० साली निघालेल्या गोव्याच्या पहिल्या दैनिकाच्या सहसंस्थापकांपैकी एक. पुढे १९११ मध्ये त्यांनी ‘ओ देबाते’ काढले. ते मुक्तविचारी होते आणि धर्मसत्तेवर त्यांची लेखणी कठोरपणे चालली, हे आपल्या वाचकांपासून लपवण्याचे कारण नाही. पोर्तुगालने वसाहतींना कायमचे दुय्यम ठरवणारा कायदा १९३० मध्ये आणला, तेव्हा गोव्याच्या विधिमंडळात ४ जुलै रोजी स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडणारे तेच होते. १९३८ मध्ये ते वारले. पणजीच्या जुन्या वास्को द गामा संस्थेला १९६३ मध्ये त्यांचे नाव मिळाले. याच चांदोरचे, १८९१ मध्ये जन्मलेले त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा पॅरिसला शिकले, तेथून परत येऊन १९२८ मध्ये त्यांनी गोवा काँग्रेस समिती स्थापन केली आणि पुढे पोर्तुगालच्या पेनिशे किल्ल्यात बंदिवास भोगला.

वास्तुसमीक्षेत हा राजकीय इतिहास कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर घराच्या रचनेतच आहे. पॅरिसकडून या गावात दोन गोष्टी आल्या: दिवाणखान्याची चाल आणि पुस्तके. पहिलीने घराला राजाच्या खुर्चीवर बसवले, दुसरीने राजाविरुद्ध बोलायला शिकवले. दोन्ही एकाच छपराखाली, एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे नांदल्या. दगडी घराला मत नसते, असे आपण समजतो. या घराला निदान दोन मते होती, आणि म्हणूनच ते मला रूक्ष राजवाड्यांहून अधिक जिवंत वाटते.

छपराचा उल्लेख वर आला, त्यावर थोडे अधिक बोलले पाहिजे. ते करताना चांदोर सोडून आमच्या आसेगावकडे यावे लागेल. वाशीम जिल्ह्यातील आमच्या बाजूची जुनी घरे पांढऱ्या मातीच्या भिंतींची आणि धाब्याची. पुढे गावोगाव सपाट, खाचेत खाच बसणारी तांबडी कौले आली. वऱ्हाडात त्यांना ‘इंग्रजी कवेलू’ म्हणतात. कोकणात हीच ‘मंगलोरी कौले’. नाव इंग्रजी असले तरी कवेलू इंग्रजांचे नव्हे. खाचेचे कौल फ्रान्सच्या आल्सास प्रांतात आल्टकिर्श गावी गिलार्दोनी बंधूंनी शोधले आणि १८४१ मध्ये त्याचे एकस्व मिळवले. फ्रान्समधील कारखाने, स्थानके आणि व्हिले त्याने झाकले गेले. बासेल मिशन या प्रॉटेस्टंट संस्थेने १८६५ मध्ये मंगळूरला, नेत्रावतीच्या काठी, तशा कौलांचा कारखाना काढला. गेऑर्ग प्लेब्स्ट हे त्यामागचे तंत्र जाणणारे मिशनरी. तेथून ही कौले जहाजाने गोव्यात व मुंबईत आणि रेल्वेने देशावर पसरली. पूर्वीच्या नळीच्या कौलांना दरसाल शाकारणी लागे, वानराने उडी मारली की ओळ सरके. नवे कौल हलके आणि एकमेकांना धरून राहणारे.

म्हणजे फ्रेंच व्हिला आमच्यापर्यंत आला तो झुंबराच्या रूपाने नव्हे, कौलाच्या रूपाने. जे श्रीमंताच्या घरी दिसावे म्हणून आणले ते त्या घरातच राहिले. जे पावसापासून वाचावे म्हणून आणले ते शेतमजुराच्या छपरावरही पोहोचले. चांदोरच्या नृत्यदालनाला मी दुबळे म्हटले ते याच मापाने. त्याने शेजारच्या घराला काहीच शिकवले नाही. जांभ्याची भिंत, शिंपल्याचे तावदान, बाल्कांव आणि कौल यांनी साऱ्या गोव्याला शिकवले.

या घराचे उत्पन्न कोठून येत होते, हे आता सांगितलेच पाहिजे. नारळाच्या बागा आणि भाताची शेते भाटकाराची, त्यांत राबणारा आणि भाटकाराच्याच जमिनीवर झोपडी बांधून राहणारा तो मुंडकार. मुंडकाराचे घर मातीचे, माडाच्या झावळ्यांनी शाकारलेले. त्याला खिडकी असलीच तर एक. चोवीस खिडक्यांचा हिशेब त्या एका खिडकीशिवाय पुरा होत नाही. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर हे नाते कायद्याने बदलले. १९६४ मध्ये कूळ कायदा आला, १९७५ मध्ये मुंडकारांना घरातून हुसकावण्यास बंदी करणारा कायदा झाला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. न्याय झाला, आणि तो उशिरा झाला. गोव्यातील मोठी घरे ओस पडण्याचे खापर अनेक लेखक या कायद्यांवर फोडतात. मला ते मान्य नाही. ज्या घराला उभे राहण्यासाठी शेकडो माणसांनी स्वतःच्या छपराचा हक्क गमावावा लागतो, त्या घराच्या बांधणीतच तडा असतो. तो फक्त दिसायला वेळ लागतो.

वारसाहक्काचाही भाग आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. तिने मुलगा-मुलगी असा भेद न करता सर्व अपत्यांना वाटा दिला. आमच्याकडच्या लेकींना त्या काळी स्वप्नातही न दिसलेला हा हक्क स्तुत्य आहे. परंतु कायदा जमीन आणि रोकड वाटू शकतो, जिना कसा वाटणार? एकेका घराला अनेक वारस, कोणी मुंबईत, कोणी लिस्बनला, आणि छप्पर बदलायला सर्वांची संमती हवी. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो सह्या पुऱ्या होईपर्यंत थांबत नाही. चांदोरचे घर निदान दोन शाखांत नीट विभागले गेले आणि दोन्हीकडे घराण्याची माणसे राहत आली म्हणून ते वाचले. पाहुण्यांच्या ऐच्छिक देणगीवर एवढ्या छपराची निगा राखणे किती कठीण आहे, हे ज्याने एखाद्या धर्मग्रामातील जुन्या चर्चचे छप्पर दुरुस्त करवून घेतले असेल त्याला वेगळे सांगायला नको.

चांदोरला जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांसाठी एक सूचना. मडगावहून बस मिळते. मोठ्या घरात एकदम शिरू नये. आधी कोटाकडे जाऊन तो शिर नसलेला नंदी पाहावा, मग फर्नांडिस घर, मग चर्च, आणि शेवटी चोवीस खिडक्या. कार्निव्हलचे दिवस असतील तर आणखी चांगले. त्या वेळी गावचे ख्रिस्ती पुरुष हातात मुसळे घेऊन ‘मुसळां खेळ’ नाचतात. त्याचे मूळ चंद्रपूरच्या राजांच्या काळापर्यंत नेतात. मुसळ जमिनीवर आपटते, ताल धरला जातो, आणि नाच एका दारावरून दुसऱ्या दाराकडे सरकतो. घर पाहून बाहेर पडताना तळमजल्याकडे, त्या जाड जांभ्याच्या भिंतींकडे अवश्य पाहावे. वरचे सगळे वजन त्यांच्यावर आहे, आणि त्यांचे छायाचित्र सहसा कोणी काढत नाही.